हौसाक्काची कुपी

पुण्याच्या औषधपेढीतून फोन आला तेव्हा मी माझ्या दातांच्या दवाखान्यातच डबा खात होते. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे एक पेशंट आहेत. बडी असामी आहे. त्यांच्या दातातल्या जंतूंना देशातल्या कुठल्याच पेढीतलं औषध लागू पडत नाहीये. जुळतेय ती फक्त तुमच्या बार्शीच्या फ्रीझरमधली एक कुपी."

"पेशंटचं नाव?"

"हर्षवर्धन देशमाने."

घास हातातच राहिला. कुपी कुणाची आहे ते मी पाहिलं आणि एवढ्या जोरात हसले, की माझी मदतनीस नजमा हातातलं काम टाकून धावत आली. कुपी माझ्या आईची होती. म्हणतात ना, देवाच्या काठीला आवाज नसतो.

आता हा देशमाने कोण, ते सांगते. बार्शीत त्याला दादासाहेब म्हणतात. शाळा, कॉलेज, सूतगिरणी, सगळं त्याच्या घराण्याचं. तो जन्मला आणि त्याची आई गेली. घरात दूध पाजायला बाई हवी होती. माझी आई, हौसाबाई, तेव्हा ओली बाळंतीण होती. मी तान्ही होते आणि बापाच्या दारूपायी आमच्या घरात चूल पेटायची मारामार होती. आईला देशमान्यांच्या बंगल्यावर नेलं आणि मला वैरागला दूरच्या नात्यातल्या मावशीच्या पदरात टाकलं. माझ्या वाट्याचं दूध तो प्याला, मी शेळीच्या दुधावर वाढले. पुढे त्याला नीट चावता येईना, म्हणून आई ज्वारीची भाकरी आधी आपल्या तोंडात चावून मऊ करायची आणि मग त्याच्या तोंडात घालायची. तो पाचगणीच्या शाळेत जाईपर्यंत ती त्या बंगल्यावरच होती. मग मला न्यायला मावशीच्या दारात आली, तेव्हा ही कोण बाई म्हणून मी मावशीच्या लुगड्यामागे लपले.

एवढ्यावर मी डूख धरला नसता. गरिबाघरी असं होतं. पण त्याच्या पन्नाशीचा सत्कार झाला, त्या दिवशी मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "दादासाहेब, आईविना कसे वाढलात?" तो म्हणाला, "माझ्या काकूंनी वाढवलं. त्याच माझी आई." काकू व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेल्या, अख्खी संस्था तेव्हा त्यांच्या मुठीत होती. माझी आई पुढच्या रांगेत, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. ती उठली. "आरं सोन्या, आन् मी रं?" एवढंच म्हणाली. सगळं सभागृह हसलं. त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. ओळखलं त्याने, मी शपथेवर सांगते. आणि माईकमध्ये म्हणाला, "गावात अशा वेड्या बायका असतातच. सांभाळून बाहेर न्या त्यांना."

दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. त्या दिवसापासून ती 'वेडी हौसा' झाली. भाजीवालीसुद्धा तिला हसून विचारायची, "काय मावशे, लेक काय म्हणतोय बंगल्यावरला?" आईने त्यानंतर त्या घराचं नाव काढलं नाही. माझा मात्र जीव जळत होता. आई वेडी म्हणून मरता कामा नये, आणि ती वेडी नाही हे त्याच माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, एवढं एकच मला या आयुष्यात हवं होतं.

आता थोडं दाताबद्दल. कंटाळू नका, सगळी मेख त्यातच आहे. दाताच्या मुळातली नळी म्हणजे काही सरळ पाइप नव्हे. तिला फाटे फुटतात, चपट्या कपारी असतात आणि भिंतींना असंख्य बारीक भोकं असतात. रूट कॅनाल करताना आम्ही सुईसारख्या फाइलने नळी खरवडतो, पण फाइल सगळ्या भिंतीला लागतच नाही. उरलेलं काम धुण्याचं. आमचं जुनं पाणी म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचचंच भावंड. ते नळीतली घाण जाळतं, पण भोकांत फार खोल शिरत नाही. तिथे चिकट थराखाली जंतू वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. पूर्वी अशा वेळी अँटिबायोटिकवर भागायचं. पण ती औषधं आपण सर्दीपडशाला चण्याफुटाण्यासारखी खाल्ली, आणि आता जंतू त्यांना भीक घालत नाहीत.

मग आलं जिवंत पाणी. जंतूंनाच खाणारे विषाणू असतात, त्यांना जीवाणुभक्षक म्हणतात. माणसाला त्यांचा उपद्रव नाही. ते इतके बारीक, की भिंतीच्या भोकांत सहज घुसतात, जंतूला फोडतात, त्यातून आणखी भक्षक बाहेर पडतात, आणि खायला काही उरलं नाही की आपोआप संपतात. खोड एकच. प्रत्येक भक्षकाचा जंतू ठरलेला. नुसती जात जुळून चालत नाही, वंश जुळावा लागतो. म्हणून पेशंटच्या दाताचं धुवण घ्यायचं, त्यावर भक्षक वाढवायचा, आणि थोड्या जंतूंसकट कुपीत गोठवून ठेवायचा. पुढेमागे त्यालाच लागला तर असू द्यावा. कुपी पेशंटच्या मालकीची, आणि दुसऱ्या कुणाला हवी असेल तर त्याने मालकाला समोर येऊन मागायची, हा कायदा.

आणि तोंडातल्या जंतूंचा वंश येतो कुठून? लहानपणी ज्याने उष्टं भरवलं, त्याच्या तोंडातून. हल्लीच्या गुळण्यांनी वरवरचे जंतू रोज धुऊन जातात. पण कीड लागून जे एकदा मुळात उतरले, ते तिथेच बस्तान मांडतात. बंगल्यात वाढा नाहीतर पाचगणीला शिका, उष्टं मुळाशी बसून असतं.

देशमाने आला तो मागच्या दाराने. बरोबर कुणी नाही, तोंडाला मास्क. गाल सुजलेला.

"डॉक्टरबाई, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे," तो म्हणाला. "सर्जन म्हणतात, दातातला पू गेल्याशिवाय हात लावणार नाही. जंतू झडपेवर जाऊन बसले तर खेळ खलास."

"मग दात काढून टाका."

"हाडांसाठी इंजेक्शनं घेतलीत मी. दात काढला तर जबड्याची जखम भरणार नाही, असं पुण्याचे डॉक्टर म्हणतात."

बरोबरच होतं ते. मला ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुपी कुणाची आहे, सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं."

"मग जा की तिच्याकडे. मागा."

"तुम्ही त्यांच्या कन्या. तुम्हीच विचारलंत तर…"

"मी कशाला विचारू? मला काय ठणका लागलाय?"

"उज्ज्वलाताई, जुनं झालं ते."

"ताई नका म्हणू," मी म्हटलं. "आणि नुसतं मागून भागायचं नाही. कायदा म्हणतो समोर येऊन मागा. मी म्हणते, चारचौघांत मागा, माईकवर. माईकवरच बाहेर काढलं होतंत ना तिला?"

तो ताडकन उठला. दारात थांबून म्हणाला, "हे ब्लॅकमेल आहे."

"हो," मी म्हटलं. "आहे."

गेला. मी दार लावलं आणि डबा काढून चवीने खाल्ला. नजमा म्हणाली, "मॅडम, माणूस मरेल हो." मी म्हटलं, "मरणार नाही. मोडेल. आधी मोडू दे."

तो हैदराबादला गेला, मुंबईला गेला. कुठे लेसर मारून घेतला, कुठे जुन्याच पाण्याने दोनदा धुवून घेतलं. सूज ओसरायची आणि परत यायची. शेवटी ती डोळ्यापर्यंत चढली, आणि त्याच्या बायकोचाच मला फोन आला. रडत होती बिचारी. "कुठे यायचं तेवढं सांगा," म्हणाली.

मी मांडववाल्याकडून माईक मागवला आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना कर्णे लावून घेतले. शेजाऱ्यांना वाटलं बारसं आहे. आईला मी काही सांगितलं नव्हतं. नुसतं इरकली नेसवून दारात खुर्चीवर बसवलं. तिच्या तोंडात आता एकही दात नव्हता. शेवटची दाढ मी याच पाण्याने धुऊन वाचवायला गेले होते, ती कुपी तेव्हाची. पुढे दाढही हलली आणि काढावी लागली.

दादासाहेब गाडीतून उतरले. मी माईक हातात दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून गार वाटलं.

"माझं नाव हर्षवर्धन देशमाने," तो म्हणाला, आणि दोन्ही कर्ण्यांतून ते गल्लीभर घुमलं. "मला… मला काकूंनी वाढवलं नाही. हौसाक्कांनी वाढवलं. त्यांचं दूध पिऊन. त्या वेड्या नाहीत. मी खोटं बोललो होतो."

भाजीवाली तोंडाला पदर लावून उभी होती. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं. एवढ्या वर्षांची आग अशी सरसर विझत गेली. आता आई नाही म्हणेल, मग हा पाया पडेल, मग ती पुन्हा नाही म्हणेल, असं सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

आई म्हणाली, "कंच्या बाजूचा दुखतोय रं? डाव्या?"

झालं. माझा सगळा बेत तिथेच पाण्यात गेला.

"हितं ये. आ कर." तिने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आगं बाई! किती सुजलंय लेकरू! उजे, आगं दे की त्येला काय आसंल ते. माज्या मालकीचं हाय म्हंतीस न्हवं? दिलं मी. आन् इतकं दिस का ताटकळत ठिवलंस?"

मला! मला रागावली ती, दोन कर्ण्यांतून, अख्ख्या गल्लीसमोर.

माईक अजून त्याच्याच हातात होता. तो तिच्या खुर्चीशी खाली बसला आणि म्हणाला, "हौसाक्का, तू भाकरीला गूळ लावायचीस. गूळ नसला की मी तोंड उघडायचो नाही." आणि साठीला टेकलेला तो माणूस ढसाढसा रडायला लागला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बायकांनी डोळे पुसले. मी माईक बंद केला.

जे मागितलं ते मला मिळालं होतं. आई आता वेडी नव्हती. मग मला आनंद का होईना? आतून काहीतरी कुरतडत होतं, आणि ते काय ते मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं.

औषध वापरण्याआधी यंत्र एकदा फेरजुळणी करतं. त्याच्या दाताचं धुवण यंत्राला दिलं, की फ्रीझरमधली जी जी कुपी त्या वंशाची असेल तिच्यापुढे हिरवा दिवा लागतो. माझी स्वतःची कुपीही तिथेच होती. मागे माझ्या दाढेचं रूट कॅनाल नजमाच्या मदतीने एका डॉक्टर मैत्रिणीने केलं होतं. पुण्याची मुलगी एकच कुपी जुळली म्हणाली होती, ते मी हसण्याच्या भरात कानाआड केलं होतं. मी दोन दिव्यांची वाट बघत होते. एक आईचा, एक माझा. मी तिच्या पोटची, मग माझ्या दातात तिचाच वंश असणार, नाही का?

एकच दिवा लागला.

मी यंत्र बंद करून परत लावलं. परत एकच. माझी कुपी अंधारात. अर्थातच. मला उष्टं मावशीने भरवलं होतं. माझ्या मुळात मावशी होती. आईच्या तोंडचं जगात जे काही उरलं होतं ते दोनच ठिकाणी: त्या कुपीत, आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या या माणसाच्या डाव्या दाढेत. दूध त्याने घेतलं, घास त्याने घेतला, सगळं लहानपण घेतलं, आणि वारसही तोच. आईसाठी म्हणून मी इतकी वर्षं दातओठ खात होते, पण तो सूड माझाच होता. रिकामा होता तो, आणि आता मला तो भरायचा होता.

रबर डॅम लावायला घेतला, तेव्हा त्याने हात वर केला. डॅम म्हणजे दातावर ताणून बसवायची रबरी चादर. ती बसली की पेशंटला बोलता येत नाही.

"डॉक्टरबाई, एक विचारू? हे सगळे मरणार?"

"सगळे."

"म्हणजे हौसाक्काचं जे काही माझ्यात आहे, ते?"

"तेच तर दुखतंय तुम्हाला."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "धुवण ठेवता ना तुम्ही कुपीत? ते ठेवा. माझ्या नावाने. तेवढं राहू दे."

मी चादर ताणून बसवली.

काम मात्र मी असं केलं, की असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. नळ्या उघडल्या, जुनं भरण काढलं, शेवटपर्यंत फाइल नेली. मग आईची कुपी. निम्मी पुरली असती. मी सगळी वापरली. जिवंत पाणी नळीत सोडलं, त्यात कंपनाची बारीक सुई धरली. तिने पाणी कपारीकपारीत घुसतं. पडद्यावर जंतूंचा आलेख उतरायला लागला. ज्वारी, गूळ, बंगल्याची ओसरी, माझी आई, सगळं पडद्यावर खाली खाली येत होतं. आलेख तळाला टेकला. मी थांबले नाही. पुन्हा पाणी, पुन्हा सुई. शेवटी जुनं ब्लीचही फिरवलं, भक्षकांना अन्न उरलं नव्हतं तरी. नियम म्हणून नव्हे. माझ्या समाधानासाठी.

नजमा धुवणाची नळकांडी आणि नवी कुपी घेऊन उभी होती. "मॅडम, पहिलं धुवण ठेवायचं ना? त्यांचं नाव लिहू?"

चादरीखालून त्याने 'अं, अं' असा आवाज केला. डोळे माझ्याकडे लागलेले.

"बेसिनमध्ये ओत," मी म्हटलं.

"मॅडम?"

"ओत म्हटलं ना! आणि वरून ब्लीच सोड."

तिने ओतलं. त्याने ऐकलं. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं आवळली, पण तोंडात आमचा सगळा सरंजाम, बोलणार कसा? मी नळ्या सुकवल्या, भरल्या, वरून बंद केल्या. डॅम काढला.

तो उठून बसला. "का?" एवढंच विचारलं.

"कारण ते आधी माझं होतं," मी म्हटलं. "आता तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. झालो आपण सारखे. जा, सर्जनला सांगा दात स्वच्छ आहे. यापेक्षा स्वच्छ दात त्यांना देशात सापडायचा नाही."

तो गालावर हात ठेवून बसला. भूल उतरली नव्हती, म्हणजे दुखत नव्हतं. तरी त्याने हात काढला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते बघायला मी सगळं आयुष्य थांबले होते. ते अनाथ झालेल्या पोराचं तोंड होतं. मावशीच्या दारात माझं तसं होतं. मी पोटभर बघून घेतलं. मला पश्चात्ताप झाला म्हणाल, तर नाही झाला.

घरी आले तेव्हा आई शिरा खात बसली होती. हिरड्यांनी चघळत, सावकाश.

"झालं का गं लेकराचं?"

"झालं."

"नीट धुतलंस न्हवं? काय ठिवलं न्हाईस न्हवं आत?"

"काही म्हणजे काही ठेवलं नाही, आई."

"गुनाची गं माजी बाय!" ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी माझ्या गालांवरून कडाकडा बोटं मोडली. तिने माझी दृष्ट काढलेली मला तरी आठवत नव्हती. "तू व्हतीस म्हून वाचलं त्ये. न्हाईतर म्या कुनाच्या पाया पडले आसते? बस हितं. तुला कंदी भरवलंच न्हाई म्या. त्येच्या पायी ऱ्हाऊनच गेलं बग."

तिने आपल्या ताटलीतला, अर्धा तोंडात घेऊन मऊ केलेला शिऱ्याचा घास बोटांवर घेतला आणि माझ्यापुढे धरला. आयुष्यभर लोकांना आ करा म्हणत आलेली मी दातांची डॉक्टर. तिच्या त्या बोळक्या तोंडात त्या वंशाचा एकही जंतू उरलेला नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचा मी आज सकाळीच मारला होता.

"आ कर की गं," आई म्हणाली.

मी आ केला.